पाहुणा तारा

शके ९७६ च्या आषाढाचा वद्य पक्ष चालू होता. इंग्रजी कालगणनेनें ती १०५४ सालच्या जुलै महिन्याची चौथी तारीख. त्या पहाटे वृषभ राशींत, रोहिणीच्या पूर्वेस, बैलाच्या एका शिंगाच्या टोंकाजवळ, जेथें पूर्वीं डोळ्यांना कांहींच दिसत नसे तेथें एक तेजस्वी तारा चीनच्या राजज्योतिष्यांना आढळला. त्यांच्या भाषेंत अशा ताऱ्यास ‘पाहुणा तारा’ म्हणत. हा पाहुणा साधासुधा नव्हता. तेवीस दिवस तो भर दिवसां, शुक्राच्या चांदणीसारखा, सूर्याच्या उजेडांतही दिसत राहिला. आणि रात्रीच्या आकाशांतून नाहींसा होण्यास त्याला १०५६ सालचा एप्रिल महिना उजाडावा लागला. सुंग घराण्याच्या दरबारीं या दिवसांची मोजदाद लिहून ठेवलेली आहे. तिजवरून त्याचा मुक्काम सुमारें साडेसहाशें दिवसांचा भरतो.

हाच तारा पुणें जिल्ह्यांतील बारामती तालुक्यांत, सुपे गांवच्या माळावरून कसा दिसला असेल? प्रश्न सुप्याचाच कां, असें कोणी विचारील. सुपे हें सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंतलें गांव. घाटमाथ्यावर मेघ रिते होतात आणि येथवर पोंचतो तो बहुधा नुसता वारा. गवताळ माळ, तुरळक बाभळी आणि चिंकारा हरणें अशी ही भूमि. या हरणांसाठीं येथें १९९७ सालीं मयूरेश्वर अभयारण्य स्थापन झालें. त्याचें क्षेत्र जेमतेम पांच चौरस किलोमीटर आहे. पावसाच्या बाबतींत कृपण असलेली ही भूमि आकाशाच्या बाबतींत मात्र उदार आहे. दृष्टीच्या आड येईल असा मोठा डोंगर नाहीं कीं दाट रान नाहीं. आकाशांत कांहीं नवें घडलें, तर तें अशा ठिकाणीं लपून राहणें कठीण.

आषाढांतील अभ्रांनीं पहिले तेवीस दिवस झांकून टाकले असतील, असें घटकाभर धरूं. तरी आश्विनांत आकाश निवळल्यावर तो तारा रोहिणीच्या शेजारीं ठळकपणें दिसत असलाच पाहिजे. रात्रभर मेंढरें राखणारी माणसें तिकांडें कोठें आलें, कृत्तिका किती कलल्या, यांवरून प्रहर ओळखतात. अशा माणसांना एक चांदणी जास्त झालेली कळली नसेल, हें मनाला पटत नाहीं. फक्त त्यांच्याजवळ वही नव्हती.

पण ज्यांच्याजवळ वही होती त्यांचें काय? त्या काळीं दख्खनवर कल्याणीच्या चालुक्यांचें राज्य होतें आणि सोमेश्वर आहवमल्ल गादीवर होता. देशांत ज्योतिषी नव्हते असें मुळींच नाहीं. श्रीपति नांवाचा नामांकित गणिती नेमका त्याच वेळीं हयात होता, आणि त्याचें रोहिणीखंड गांव महाराष्ट्रांतलेंच, असें अभ्यासक मानतात. ‘सिद्धान्तशेखर’ हा त्याचा मोठा ग्रंथ. ग्रहणांच्या गणितावरचा ‘धीकोटिदकरण’ हा त्याचा ग्रंथ १०३९ सालचा, आणि ग्रहांचीं स्थानें काढण्याच्या रीतींचा ‘ध्रुवमानस’ हा १०५६ सालचा. म्हणजे ज्या वर्षीं पाहुणा तारा दिसेनासा झाला, त्याच वर्षीं मराठी मुलखांतला एक श्रेष्ठ ज्योतिषी आकाशाविषयींच ग्रंथ रचीत होता! गांवाचें नांव रोहिणीखंड आणि तारा रोहिणीच्या शेजारचा, हा योगायोग गमतीचा खरा. त्याहून अधिक कांहीं त्यांत शोधूं नये.

डॉ. जयंत नारळीकर आणि संस्कृत पंडिता डॉ. सरोजा भाटे यांनीं भारतीय वाङ्मयांत अशा ताऱ्यांच्या नोंदींचा मुद्दाम शोध घेतला आणि तो २००१ सालीं ‘करंट सायन्स’ या नियतकालिकांत प्रसिद्ध केला. निःसंदिग्ध म्हणावी अशी नोंद हातीं लागली नाहीं.

या मौनाचें कारण काय असावें? केवळ पावसाळ्यास दोष देऊन सुटतां येत नाहीं, कारण तारा दोन हिवाळे दिसत होता. लिहिलेलें कांहीं असेल तें ताडपत्राबरोबर किड्यांनीं खाल्लें, हें शक्य आहे. परंतु खरें कारण बहुधा विद्येच्या रोखांत आहे. इकडील ज्योतिषाची प्रतिष्ठा गणितांत होती. जें पुन्हा पुन्हा येतें तें मोजावें, त्याचें सूत्र बांधावें: ग्रहण, युति, संक्रांति. जें एकदांच येतें त्याला सूत्र नाहीं, म्हणून करणग्रंथांत त्याला जागाही नाहीं. वराहमिहिरानें ‘बृहत्संहितें’त केतूंचा, म्हणजे शेंडेनक्षत्रांचा, विचार केला आहे, पण तोही शुभाशुभ फलासाठीं. चीनमध्यें शुभाशुभाचें वेड कमी होतें असें नाहीं. उलट आकाशांतील प्रत्येक अनपेक्षित घटना बादशहाच्या कारभाराशीं जोडली जाई, आणि म्हणूनच तिची रोजनिशी ठेवणें हें पगारी चाकराचें काम होतें. हेतु भोळा, पण नोंद पक्की. श्रीपतीचें गणित त्या चिनी कारकुनाला साधलें नसतें. परंतु नऊ शतकांनंतर जगाला गरज पडली ती कारकुनाच्या वहीची.

ती गरज अशी पडली. १७३१ सालीं जॉन बेव्हिस या इंग्रज निरीक्षकाला वृषभाच्या शिंगाजवळ दुर्बिणींतून एक धुरकट ठिपका दिसला. १७५८ सालीं फ्रान्समधील मेसिए यानें तो पुन्हा पाहिला आणि धूमकेतु समजून फसूं नये यासाठीं केलेल्या आपल्या यादींत त्याला पहिला क्रमांक दिला. पुढें लॉर्ड रॉस यानें काढलेल्या चित्रांत त्याची आकृति खेकड्यासारखी वाटली, म्हणून तो ‘खेकडा-तेजोमेघ’ झाला. विसाव्या शतकांत एका मागून एक घेतलेलीं छायाचित्रें शेजारीं ठेवून पाहतां तो मेघ पसरतो आहे असें ध्यानीं आलें. पसरण्याची गति उलट मोजीत मागें जावें, तर सुमारें नऊ शतकांपूर्वीं सारा मेघ एका बिंदूंत असला पाहिजे. १९२८ सालीं एडविन हबल यानें हा हिशोब १०५४ च्या ताऱ्याशीं जोडला. चिनी पाहुणा म्हणजे एका थोर ताऱ्याचा मृत्यु होता, आणि तो मेघ म्हणजे त्याची रक्षा. अशा ताऱ्यास आतां अतिनवतारा, इंग्रजींत सुपरनोव्हा, म्हणतात. ‘नवा’ हा शब्द चुकीचाच आहे. तो जन्माचा नसून अंताचा उजेड होय.

हा मेघ पृथ्वीपासून सुमारें ६,५०० प्रकाशवर्षांवर आहे. प्रकाश सेकंदास तीन लक्ष किलोमीटर धांवतो. वर्षाकांठीं तो सुमारें साडेनऊ लक्ष कोटि किलोमीटर जातो. असे आंकडे कानावर आदळतात आणि तसेच निघून जातात, म्हणून सुप्याच्या माळावर एक नकाशा मांडून पाहावा. दहा लक्ष किलोमीटरांना एक सेंटिमीटर हें प्रमाण घ्यावें. मग सूर्य म्हणजे एक गांवठी बोर. त्यापासून दीड मीटरावर पृथ्वी. ती पिठाच्या कणाएवढी. चंद्र तिच्यापासून चार मिलिमीटरांच्याही आंत. सूर्यमालेंतील शेवटचा ग्रह नेपच्यून पंचेचाळीस मीटरांवर, म्हणजे शेताच्या एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत. येथवर सारें सोपें आहे. पण यानंतरचें दुसरें बोर, म्हणजे सूर्याला सर्वांत जवळचा तारा, कोठें ठेवावा? चारशें किलोमीटरांवर. सुप्याहून सरळ रेषेंत निघालें तर अकोला मागें टाकून पुढें जावें लागेल. मध्यें दुसरा तारा नाहीं. आणि खेकडा-तेजोमेघ? नकाशा एवढा लहान केला, सूर्याचें बोर झालें, तरी तो सहा लक्ष किलोमीटरांवर पडतो. खऱ्या चंद्राच्याही पुष्कळ पलीकडे.

यांतूनच काळाचा एक चमत्कारिक हिशोब निघतो. १०५४ सालीं दिसलेला स्फोट १०५४ सालीं झालेला नव्हता. तो त्यापूर्वीं साडेसहा हजार वर्षें होऊन गेला होता. घोड नदीच्या कांठीं इनामगांव येथें डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनीं दख्खनमधील प्राचीन शेतकऱ्यांची वस्ती उकरून काढली, ती इ. स. पूर्व १६०० च्या सुमारास सुरू झाली. स्फोट झाला तेव्हां ती वस्ती वसावयास अजून जवळजवळ चार हजार वर्षें अवकाश होता. ती वसली, नांदली, इ. स. पूर्व ७०० च्या सुमारास उठलीही. आणि उजेड अद्याप वाटेंतच होता.

एवढा मोठा तारा मरतो कसा, हें समजण्यास तो जगतो कसा हें आधीं पाहिलें पाहिजे. ताऱ्याचें वजन त्याला आंत ओढीत असतें आणि पोटांतील उष्णता त्याला बाहेर रेटीत असते. या दोहोंचा तोल सुटला नाहीं तोंवर तारा टिकतो. उष्णतेसाठीं तो हायड्रोजन एकत्र करून हीलियम बनवितो. हायड्रोजन सरला कीं हीलियमचा कार्बन, मग निऑन, प्राणवायु, सिलिकॉन, अशा पायऱ्या तो चढत जातो. आणि प्रत्येक सरपण आधीच्यापेक्षां लवकर जळून जातें. सूर्याच्या पंचवीसपट वस्तुमानाचा तारा घेतला, तर हायड्रोजनवर त्याचीं सत्तर लक्षांच्या आसपास वर्षें निघतात, हीलियमवर कांहीं लक्ष, कार्बनवर कांहीं शतकें, निऑनवर एखादें वर्ष, प्राणवायूवर कांहीं महिने आणि सिलिकॉनवर फक्त एक दिवस. त्या दिवसाच्या अखेरीस गर्भांत लोखंड सांचतें, आणि लोखंड हें ताऱ्याच्या चुलींतलें न जळणारें लांकूड होय. त्यापासून उष्णता मिळत नाहीं.

लोखंडाचा हा गोळा किती मोठा होईपर्यंत स्वतःचा भार सोशील, याची मर्यादा ठरलेली आहे. १९३० च्या जुलैअखेर एकोणीस वर्षांचे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर उच्च शिक्षणासाठीं मुंबई बंदरांतून विलायतेस निघाले. त्या प्रवासांत बोटीवर बसून त्यांनीं श्वेतबटु नांवाच्या मृत ताऱ्यांचें गणित मांडलें. त्यांतून जी मर्यादा पुढें निश्चित झाली ती सूर्याच्या सुमारें १.४ पट वस्तुमानाची. १९३५ सालीं लंडनच्या सभेंत थोर शास्त्रज्ञ एडिंग्टन यांनीं तिची चेष्टा केली. गणित बरोबर होतें, चेष्टा चुकीची होती. पण जगानें तें मान्य करून चंद्रशेखरांना नोबेल पारितोषिक देईपर्यंत १९८३ साल उजाडलें. थोर ताऱ्याच्या पोटांतील लोखंडी गोळा याच मर्यादेपाशीं येऊन ढांसळतो.

ढांसळण्यास लागणारा वेळ एका सेकंदाहूनही कमी असतो. पृथ्वीएवढा असलेला गर्भ वीसपंचवीस किलोमीटरांच्या आंत आकसतो. सुप्याहून बारामती याहून दूर आहे! तळमजला एकाएकीं निघून जावा तसे वरचे थर आंत कोसळतात, त्या घट्ट झालेल्या गर्भावर आदळतात आणि उलटतात. न्यूट्रिनो नांवाचे अतिसूक्ष्म कण त्या वेळीं बाहेर पडतात; स्फोटाच्या शक्तीपैकीं शेंकडा नव्व्याण्णव भाग तेच घेऊन जातात. जो उजेड चिनी दरबाराला भर दिवसां दिसला, तो उरलेल्या एका भागाचाही अल्पसा अंश होता. हें केवळ कागदावरचें अनुमान राहिलेलें नाहीं. २३ फेब्रुवारी १९८७ रोजीं मॅगेलनच्या मोठ्या मेघांत एक तारा असाच फुटला, आणि त्याचा उजेड दिसण्यापूर्वीं कांहीं तास जपानमधील जमिनीखालच्या टाकींत त्याचे अकरा न्यूट्रिनो पकडले गेले. सुप्यावरून तो मेघ क्षितिजाला चिकटूनच जातो, त्यामुळें तो तारा पाहण्याचा योग इकडे जवळजवळ नव्हताच.

खेकडा-तेजोमेघाच्या मध्यभागीं तो आकसलेला गोळा अजूनही आहे. १९६८ सालीं त्याचा शोध लागला. तो सेकंदास सुमारें तीस वेळां स्वतःभोंवतीं फिरतो. उरलेला सारा ऐवज आकाशांत उधळला गेला आहे, आणि हाच ऐवज जगाच्या उपयोगाचा. श्वासांतील प्राणवायु मुख्यतः अशाच थोर ताऱ्यांच्या पोटांत तयार झाला. दख्खनच्या काळ्या पाषाणांत वजनानें चाळीस टक्क्यांहून अधिक प्राणवायुच आहे. आणि त्यांतलें लोखंड, नांगराच्या फाळांतलें लोखंड, रक्तांतलें लोखंड, तेंही निरनिराळ्या प्रकारच्या ताऱ्यांच्या स्फोटांतून आलेलें आहे. सूर्याच्या जन्मापूर्वीं, साडेचारशें कोटि वर्षांहून आधीं, फुटलेल्या त्या ताऱ्यांची नोंद ठेवण्यास कोणीच नव्हतें.

१०५४ नंतरही पाहुणे आले. १६०४ सालच्या ऑक्टोबरांत भुजंगधारी राशींत एक तारा गुरूच्या बरोबरीनें तळपूं लागला. केप्लरनें त्याचा अभ्यास केला म्हणून त्याचें नांव त्याला मिळालें. हा थोर ताऱ्याचा नव्हे, श्वेतबटूचा स्फोट होता. याच सुमाराच्या काळांत निजामशाहीकडून मालोजीराजांस पुणें व सुपे हे परगणे मिळाले, असें बखरी सांगतात. येथें मात्र पावसाची सबब चालत नाहीं. पाऊस सरला होता, आणि मंगळ व गुरु यांची युति नेमकी त्याच जागीं असल्यामुळें युति पाहणाऱ्या ज्योतिष्यांची दृष्टि तिकडेच वळलेली असणार. तरीही तो सुपे परगण्यांत कोणी पाहिल्याचा कागद पुढें आलेला नाहीं. सनदा, देशमुखीचे निवाडे, बैलांच्या किंमती, हें सारें दप्तरांत जपलेलें सांपडतें; तारा मात्र नाहीं.

त्यानंतर आजतागायत आकाशगंगेंतील दुसरा अतिनवतारा नुसत्या डोळ्यांना निश्चितपणें दिसलेला नाहीं. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत, शिवछत्रपतींच्या कारकीर्दीच्या आसपास, शर्मिष्ठेंतील एका ताऱ्याच्या स्फोटाचा उजेड पृथ्वीवर पोंचला असला पाहिजे; परंतु वाटेंतील धुळीनें तो गिळला आणि जवळजवळ कोणालाच त्याचा पत्ता लागला नाहीं. जें डोळ्यांना चुकलें तें १९४८ च्या सुमारास रेडिओनें पकडलें, कारण रेडिओच्या लहरींना ती धूळ अडवीत नाहीं. सुप्याच्या उत्तरेस नव्वदएक किलोमीटरांवर, नारायणगांवजवळ खोडद येथें, गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानें उभारलेली रेडिओ-दुर्बिण हेंच काम करते. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या पंचवीस किलोमीटरांच्या टापूंत, शेतामळ्यांतून पसरलेल्या आहेत. ज्या जातीच्या लहरींवरून हें भाषण घरोघर ऐकूं येतें, त्याच जातीच्या पण अत्यंत क्षीण लहरी त्या तबकड्या मृत ताऱ्यांच्या अवशेषांपासून गोळा करतात.

पुढचा पाहुणा कोणता? याचें उत्तर देणारा एक उमेदवार प्रत्येक शेतकऱ्याला नांवानें ठाऊक आहे. तो म्हणजे आर्द्रा. जूनच्या तिसऱ्या आठवड्याअखेर सूर्य आर्द्रा नक्षत्रांत शिरतो आणि सुप्याचा शेतकरी मृग कोरडा गेला तरी आर्द्रेच्या भरंवशावर बियाणें बाहेर काढतो. गंमत अशी कीं, ज्या पंधरवड्यांत तिचें नांव सर्वांच्या तोंडीं असतें, त्या पंधरवड्यांत सूर्याच्या सान्निध्यामुळें ती स्वतः दिसत नाहीं. हिवाळ्यांत मात्र मृगाच्या चौकटीच्या ईशान्य कोपऱ्यावरचा तांबूस तारा तीच; मराठींत तिला काक्षी असेंही म्हणतात. माळावरच्या नकाशांत सूर्याचें बोर ठेवलें, तर आर्द्रेसाठीं दहा मीटर व्यासाची विहीर लागेल. तिचें अंतर पांचशें ते सातशें प्रकाशवर्षांच्या दरम्यान आहे. नकाशांतली ती विहीर सुप्याहून निदान सत्तेचाळीस हजार किलोमीटर दूर, म्हणजे पृथ्वीला पूर्ण प्रदक्षिणा घालूनही पुरें न पडणाऱ्या अंतरावर आहे. येत्या लाखभर वर्षांत ती केव्हां तरी फुटेल, असा शास्त्रज्ञांचा अदमास आहे. इतक्या अंतरावरून तिच्यापासून पृथ्वीला धोका नाहीं. ती कित्येक महिने दिवसां दिसेल आणि रात्रीं तिच्या उजेडानें माणसांच्या सावल्या पडतील. फुटली असल्यास ती बातमीही वाटेंतच असेल.

२०१९ सालच्या हिवाळ्यांत आर्द्रा मंद होऊं लागली आणि फेब्रुवारी १९२० नव्हे, २०२० मध्यें तिचें तेज नेहमींच्या तिसऱ्या हिश्श्याइतकें उतरलें. चौकटीच्या वायव्य कोपऱ्यावरचा शेजारी तारा आणि ती अगदीं बरोबरीनें दिसूं लागलीं. स्फोट जवळ आला अशी हूल उठली. पण ताऱ्यानें बाहेर टाकलेल्या वायूची धूळ होऊन ती आड आली होती, असें पुढें ठरलें. हें मंद होणें मोजण्यांत मोठ्या दुर्बिणींबरोबर साध्या डोळ्यांनीं पाहणाऱ्या हौशी लोकांच्या नोंदीही उपयोगी पडल्या. त्याची रीत सोपी आहे. मार्गशीर्ष-पौषांत रात्रीं नऊच्या सुमारास पूर्वेकडे तोंड करून उभें राहावें. तिकांडें सांपडलें कीं त्याच्या डाव्या हातास तांबूस आर्द्रा, आणि वर कृत्तिकांच्या वाटेवर रोहिणी. आर्द्रा रोहिणीपेक्षां तेजस्वी आहे, बरोबरीची आहे, कीं मंद आहे, एवढेंच पाहावें. आणि तारीख, वेळ व गांवाचें नांव घालून वहींत एक ओळ लिहावी.